बारा दासी आणि एक सर्वनाम : अभिजात साहित्याचे स्त्रीवादी वाचन

१. पाठाचा विषय

ग्रीक, लॅटिन, संस्कृत, पाली, प्राकृत, तमिळ अशा भाषांतील प्राचीन साहित्याच्या अभ्यासाला आपण ‘अभिजात अभ्यास’ म्हणतो. पाश्चात्त्य विद्यापीठांत हा शब्द मुख्यतः ग्रीक आणि रोमन साहित्यापुरता वापरला जातो. गेल्या पन्नासएक वर्षांत या अभ्यासशाखेत स्त्रीवादी चिकित्सेने मोठे बदल घडवले. ते बदल नेमके कोणते, हे या पाठात आपण एकाच प्रसंगाच्या आधारे पाहणार आहोत. तो प्रसंग होमरच्या ‘ओडिसी’च्या बाविसाव्या सर्गातला आहे. पाठाच्या उत्तरार्धात हीच वाचनपद्धती आपल्याकडील ग्रंथांना लावली असता काय हाती लागते, याचाही विचार करू.

आरंभीच एक भेद लक्षात घ्या. ‘अभिजात अभ्यासात लिंगभाव समता’ या शब्दप्रयोगात दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला प्रश्न असा : हे ग्रंथ वाचण्याचा, शिकवण्याचा आणि त्यांचा अनुवाद करण्याचा अधिकार कोणाला मिळाला? दुसरा असा : ग्रंथ वाचताना कोणते प्रश्न विचारले गेले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सुधारले की दुसऱ्याचे आपोआप सुधारते, असे अनेकदा मानले जाते. ते तितके सरळ नाही, हे या पाठाचे मुख्य प्रतिपादन आहे.

२. वाचण्याचा अधिकार

केंब्रिजमध्ये स्त्रियांसाठी गर्टन महाविद्यालय १८६९ साली आणि न्यूनहॅम १८७१ साली सुरू झाले. परंतु केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास १९४८ साल उजाडले. या मधल्या काळात न्यूनहॅममध्ये काम करणाऱ्या जेन एलेन हॅरिसन यांनी १९०३ साली ग्रीक धर्माच्या अभ्यासाची पायाभरणी करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे ज्या विदुषीच्या ग्रंथावर पुढच्या पिढ्या पोसल्या, तिच्या हयातीत तिचे विद्यापीठ तिच्या विद्यार्थिनींना पूर्ण पदवी देत नव्हते.

आपल्याकडचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवले, आणि त्यासाठी समाजाचा विरोध सोसला. १८७८ साली कलकत्त्यात विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे त्यांनी लिहून ठेवले की, धर्मग्रंथांचे अनेक बाबतींत एकमेकांशी पटत नाही; स्त्रियांना हीन मानण्याच्या बाबतीत मात्र ते एकमत आहेत. हे निरीक्षण महत्त्वाचे आहे. ग्रंथ पाठ करणारी व्यक्ती बदलली आणि तिने ग्रंथाला एक नवा प्रश्न विचारला. येथे आपले दोन्ही प्रश्न एकत्र आलेले दिसतात. पण ते नेहमीच असे एकत्र येतात असे नाही.

संघटित स्त्रीवादी अभ्यासाचा आरंभ १९७०च्या दशकात झाला. अमेरिकेत १९७२ साली ‘विमेन्स क्लासिकल कॉकस’ ही संघटना स्थापन झाली. १९७३ साली ‘अरेथूसा’ या नियतकालिकाने प्राचीन जगातील स्त्रियांवर विशेषांक काढला. १९७५ साली सारा पोमरॉय यांचा ग्रंथ आला. त्याच्या शीर्षकातच देवता, वेश्या, पत्नी आणि दासी असे चार वर्ग एका ओळीत मांडले होते. ‘ग्रीक स्त्री’ नावाची एकच स्त्री नव्हती, एवढे तरी या शीर्षकाने कायमचे नोंदवून ठेवले. शीर्षकातील शेवटचा शब्द मात्र अभ्यासातही बराच काळ शेवटीच राहिला. पुढील प्रसंग त्या शेवटच्या शब्दाचाच आहे.

३. प्रसंग

‘ओडिसी’चे चोवीस सर्ग आहेत. इथाकाचा राजा ओडिसियस वीस वर्षांनी घरी परततो. त्याच्या अनुपस्थितीत त्याच्या पत्नीशी, पेनेलपीशी, लग्न करू पाहणारे १०८ तरुण त्याच्या वाड्यात ठाण मांडून बसलेले असतात. बाविसाव्या सर्गात ओडिसियस त्या सर्वांना ठार मारतो. त्यानंतर तो वृद्ध दाई युरिक्लियाला बोलावतो. ती प्रेतांचा खच पाहून आनंदाने ओरडणार, तेवढ्यात तो तिला थांबवतो. मेलेल्या पुरुषांवर असा विजयोत्सव करणे पाप आहे, असे तो म्हणतो.

लगेच तो विचारतो की, घरातील कोणत्या स्त्रियांनी अपराध केला. युरिक्लिया सांगते : वाड्यात पन्नास दासी आहेत, त्यांपैकी बारा जणी निर्लज्जपणाच्या वाटेला गेल्या. ओडिसियस त्या बारा जणींना बोलावतो. त्यांच्याकडून प्रेते बाहेर वाहून नेववतो. टेबले आणि खुर्च्या पाण्याने व स्पंजाने धुऊन घेतो. हे काम संपल्यावर त्यांना तलवारीने मारावे, अशी आज्ञा तो आपल्या मुलाला देतो. मुलगा टेलेमॅकस ती आज्ञा बदलतो. अशा स्त्रियांना स्वच्छ मरण द्यायचे नाही, असे म्हणून तो जहाजाचा दोर बांधतो आणि बारा जणींना रांगेने फाशी देतो. कवी त्यांची तुलना जाळ्यात सापडलेल्या पाखरांशी करतो. घरट्याकडे परतणारी पाखरे फासात अडकावीत तशा. त्यांचे पाय थोडा वेळ हलतात, फार वेळ नाही.

मेलेल्या पुरुषांचा मान राखणारा नायक आणि जिवंत स्त्रियांना आधी सफाईला लावून मग मारणारा नायक हे एकाच सर्गात, काही ओळींच्या अंतराने आपल्यासमोर येतात. शतकानुशतके हा भाग ‘घराचे शुद्धीकरण’ म्हणून वाचला गेला. त्यानंतर ओडिसियस खरोखरच गंधकाची धुरी देऊन वाडा शुद्ध करतो, त्यामुळे त्या वाचनाला संहितेचा आधारही आहे. मग स्त्रीवादी वाचन वेगळे काय करते?

४. संहितेतील पुरावा

स्त्रीवादी वाचन म्हणजे जुन्या ग्रंथावर आजचा राग काढणे, असा गैरसमज आहे. चांगले स्त्रीवादी वाचन संहितेच्या अधिक जवळ जाते. येथे चार ठिकाणे एकत्र ठेवून पाहा.

पहिले ठिकाण. बाविसाव्या सर्गाच्या आरंभी, ओळ ३७ मध्ये, ओडिसियस त्या तरुणांना त्यांचे अपराध सुनावतो. त्यांतला एक अपराध असा की, तुम्ही माझ्या दासींबरोबर बळजबरीने निजलात. ‘बळजबरीने’ हा अर्थ मूळ ग्रीक क्रियाविशेषणातच आहे. त्याच सर्गात चारशे ओळींनंतर, ओळ ४४५ मध्ये, दासींच्या मृत्यूची आज्ञा देताना तोच ओडिसियस म्हणतो की, त्या तरुणांबरोबर चोरून निजत होत्या. कृती एकच आहे. पुरुषांवर आरोप ठेवताना ती बळजबरी ठरते, आणि स्त्रियांना शिक्षा देताना चोरी. या दोन शब्दांमधले अंतर कोणी बाहेरून आणलेले नाही. ते संहितेतच आहे; मात्र दोन्ही ओळी शेजारी ठेवणारा वाचक हवा.

दुसरे ठिकाण पहिल्या सर्गात आहे. युरिक्लियाची ओळख करून देताना कवी सांगतो की, ओडिसियसच्या वडिलांनी, लेअर्टीझने, तिला तरुणपणी वीस बैलांच्या किमतीला विकत घेतले. त्याने तिचा पत्नीइतकाच मान ठेवला, पण पत्नीच्या रागाच्या भीतीने तो तिच्याबरोबर कधी निजला नाही. हे वाक्य कवीने मालकाच्या संयमाची प्रशंसा म्हणून घातले आहे. ते उलट बाजूने वाचा. न निजणे सांगण्याजोगे वाटते, याचा अर्थ निजणे नेहमीचे होते. आणि मालकाला अडवणारी गोष्ट त्या मुलीची इच्छा नव्हती, पत्नीचा राग होता. दासीच्या संमतीचा प्रश्न या जगात उपस्थितच होत नाही. तो उपस्थित होत नसेल, तर बारा दासींच्या ‘बेइमानी’चा अर्थ काय लावायचा?

तिसरे ठिकाण एकोणिसाव्या सर्गात. युरिक्लिया भिकाऱ्याच्या वेषातील ओडिसियसला पायावरच्या व्रणावरून ओळखते, तेव्हा तो तिचा गळा धरतो. तू बोललीस तर इतर दासींना मारताना तुलाही सोडणार नाही, जरी तू मला दूध पाजले आहेस, अशी धमकी तो देतो. म्हणजे निष्ठावंत दासीची निष्ठासुद्धा गळ्याभोवतीच्या हातासकट येते. ‘निष्ठावंत’ आणि ‘बेइमान’ अशी दासींची विभागणी करताना हे विसरता येत नाही.

चौथे ठिकाण विसाव्या सर्गात, हत्याकांडाच्या दिवशीच्या पहाटे. वाड्यात बारा स्त्रिया जात्यांवर धान्य दळतात. अकरा जणींचे दळण संपते आणि त्या झोपतात. सर्वांत अशक्त असलेली एक मात्र अजून दळते आहे. आकाशात गडगडाट होतो, तेव्हा ती जाते थांबवून झ्यूस देवाची प्रार्थना करते : ज्यांच्यासाठी दळता दळता माझे गुडघे मोडले, त्या तरुणांचे हे शेवटचे जेवण ठरो. ओडिसियस हे शब्द शुभशकुन म्हणून ऐकतो आणि आनंदतो. कवीला तिचा उपयोग तेवढाच आहे. तिचे नाव तो सांगत नाही, आणि मालक परतल्यावर तिचे दळण कमी झाले का, हेही सांगत नाही. मराठी वाचकाला येथे जात्यावरची ओवी आठवेल. ओवीत दळणारी स्वतःचे सुखदुःख स्वतः गाते. ‘ओडिसी’त दळणारीचे दुःख नायकाच्या कामाला लावले जाते. तरीही ते तेथे नोंदले गेले आहे, हे महत्त्वाचे.

आता उलट पुरावाही पाहा, कारण तो दडवून केलेले वाचन टिकत नाही. काही दासी विसाव्या सर्गात रात्री हसत खिदळत त्या तरुणांकडे जाताना दिसतात. मेलांथो नावाच्या दासीला पेनेलपीने लेकीसारखे वाढवले, खेळणी दिली, आणि तरीही ती युरिमॅकसकडे गेली व मालकिणीच्या दुःखाबद्दल तिला काही वाटले नाही, असे कवी म्हणतो. पेनेलपीचे विणकामाचे गुपित दासींकडूनच फुटले होते. तेव्हा सर्व बारा जणी केवळ बळी होत्या, असे संहिता म्हणत नाही. ती एकाच गोष्टीबद्दल बळजबरी, चोरी आणि हसू असे तीन सूर ठेवते. पूर्वीच्या बहुतेक वाचकांनी त्यांतला शेवटचा सूर तेवढा ऐकला. स्त्रीवादी वाचकाने फक्त पहिला ऐकला, तर तीच चूक उलट दिशेने होईल. ज्या घरात कोणाकडे जायचे आणि कोणाकडे नाही हे ठरवण्याचा अधिकारच नाही, तेथील हसण्याचा अर्थ काय, हा खरा अभ्यासाचा प्रश्न आहे.

५. अनुवादातील निवाडा

तुमच्यापैकी बहुतेक जण ‘ओडिसी’ इंग्रजी अनुवादातून किंवा त्या अनुवादावरून केलेल्या भारतीय भाषांतून वाचतील. म्हणून अनुवादाचा प्रश्न येथे किरकोळ नाही.

टेलेमॅकस फाशीचा निर्णय सांगतो, तेव्हा मूळ ग्रीकमध्ये त्या स्त्रियांसाठी कोणतेही नाम नाही, कोणतीही शिवी नाही. केवळ स्त्रीलिंगी अनेकवचनी सर्वनाम आहे : त्या, ज्यांनी माझा आणि माझ्या आईचा अपमान केला. आता विसाव्या शतकात अतिशय वाचले गेलेले काही इंग्रजी अनुवाद पाहा. रॉबर्ट फिट्झजेराल्ड (१९६१) आणि रॉबर्ट फेगल्स (१९९६) या दोघांनीही येथे ‘छिनाल’ या अर्थाची शिवी घातली. रिचमंड लॅटिमोर यांनी तुच्छतादर्शक ‘प्राणी’ अशा अर्थाचा शब्द वापरला. मूळात कवीने जो निवाडा उच्चारला नाही, तो अनुवादकांनी उच्चारला. वाचक विद्यार्थ्याला मात्र ती होमरचीच भाषा वाटणार.

२०१७ साली एमिली विल्सन यांचा अनुवाद प्रसिद्ध झाला. संपूर्ण ‘ओडिसी’चा एका स्त्रीने केलेला आणि प्रकाशित झालेला हा पहिला इंग्रजी अनुवाद. मूळात केवळ सर्वनाम आहे, याकडे विल्सन यांनीच वाचकांचे लक्ष वेधले. त्यांनी येथे ‘या मुली’ अशा अर्थाचा शब्द निवडला. तसेच ‘घरकाम करणाऱ्या’ अशा सौम्य शब्दांऐवजी ‘गुलाम’ हा स्पष्ट शब्द त्यांनी वापरला.

यावर दोन टिप्पण्या आवश्यक आहेत. पहिली : ‘मुली’ हा शब्दही निवड आहे. ग्रीक सर्वनामात वय नाही. ‘मुली’ म्हटले की त्या कोवळ्या ठरतात आणि आपली सहानुभूती वाढते. इंग्रजी भाषेतील अनेकवचनी सर्वनामाला लिंग नसल्याने अनुवादकाला कोणतेतरी नाम घालावेच लागते, ही अडचण मान्य करू. पण घातलेले प्रत्येक नाम हे मत असते. मराठीची येथे एक सोय आहे. ‘त्या’ हे सर्वनाम ग्रीकप्रमाणेच स्त्रीलिंगी आणि अनेकवचनी आहे. ‘ज्या त्यांच्याबरोबर निजल्या, त्या’ असे म्हणून मराठी अनुवादक कोणताही निवाडा न देता पुढे जाऊ शकतो. मात्र ‘दासी’ या शब्दापाशी मराठीचीही परीक्षा आहे. ‘मोलकरीण’ म्हटले तर मोल मिळते असा अर्थ होतो, आणि या स्त्रियांना मोल मिळत नव्हते. त्यांचेच मोल ठरत होते. ‘दासी’ला भक्तिपरंपरेने वेगळी ऊब दिली आहे; जनाबाई स्वतःला अभिमानाने दासी म्हणवते. पेशवेकालीन मराठीत विकत घेतलेल्या स्त्रीसाठी ‘बटीक’ आणि ‘कुणबीण’ हे शब्द होते. अर्थाच्या दृष्टीने ते ग्रीक शब्दाच्या सर्वांत जवळ जातात, पण आजच्या वाचकाला पेशवाईत नेऊन सोडतात. प्रस्तुत पाठात ‘दासी’ वापरला आहे; वाचताना त्यातली भक्तीची ऊब बाजूला ठेवावी.

दुसरी टिप्पणी : विल्सन स्त्री आहेत म्हणून त्यांना हे दिसले, असे म्हणणे सोपे आहे, पण अपुरे आहे. फ्रान्समध्ये ॲन दासिए यांनी ‘ओडिसी’चा फ्रेंच गद्यानुवाद अठराव्या शतकाच्या आरंभीच प्रसिद्ध केला होता. स्त्री अनुवादक तीनशे वर्षांपूर्वीही होती. विल्सन यांच्यामागे मात्र चाळीस वर्षांचे स्त्रीवादी संशोधन उभे होते. नवा प्रश्न त्या संशोधनाने घडवलेला आहे. म्हणून ‘पहिली स्त्री अनुवादक’ या बिरुदावर भर देणे हे एका अर्थी त्या संशोधनाचे श्रेय पुसणे आहे. स्वतः विल्सन यांचे काम शब्दांच्या निवडीवर पारखले पाहिजे, अनुवादकाच्या लिंगावर नाही.

६. स्त्रीवादी वाचनाची स्वतःची मर्यादा

आता या अभ्यासाकडेच चिकित्सेने पाहू. आरंभीच्या स्त्रीवादी अभ्यासकांचे लक्ष साहजिकच पेनेलपीकडे गेले. तिची बुद्धी, तिचे विणणे आणि उसवणे, नवऱ्याची परीक्षा घेण्याची तिची पद्धत यांवर महत्त्वाचे लेखन झाले. पहिल्या सर्गात टेलेमॅकस आईला सांगतो की, बोलणे हे पुरुषांचे काम, तू आत जा. या प्रसंगापासून मेरी बियर्ड यांनी २०१७ सालच्या आपल्या छोट्या पुस्तकात स्त्रियांना सार्वजनिक ठिकाणी गप्प करण्याचा इतिहास सुरू केला. हे सर्व लेखन मोलाचे आहे. पण त्यातून एक चित्र तयार झाले : एका बाजूला बोलू पाहणारी बुद्धिमान स्त्री, दुसऱ्या बाजूला तिला गप्प करणारा पुरुष.

बारा दासी या चित्रात बसत नाहीत. त्यांची मालकीण पेनेलपी आहे. त्या मरतात तेव्हा पेनेलपी वर झोपलेली आहे. देवीने तिला गाढ झोप लावली आहे, असे कवी सांगतो. ज्या टेलेमॅकसने आईला गप्प केले, तोच आईच्या अपमानाचा सूड म्हणून या स्त्रियांना फाशी देतो. येथे स्त्रीविरुद्ध पुरुष एवढीच मांडणी पुरत नाही. १९९८ साली सँड्रा जोशेल आणि शीला मर्नाहन यांनी संपादित केलेल्या लेखसंग्रहाने स्त्रिया आणि गुलाम हे दोन विषय एकत्र ठेवले. स्वतंत्र पत्नी आणि गुलाम स्त्री यांची घडण एकमेकींच्या विरोधातून कशी होते, हे त्यामुळे अभ्यासाचे क्षेत्र झाले. पत्नीचे पातिव्रत्य कशाच्या तुलनेत उजळते? जिला पातिव्रत्याचा अधिकारच नाही, अशा स्त्रीच्या तुलनेत. मार्गारेट ॲटवूड यांच्या २००५ सालच्या ‘पेनेलपियाड’ या कादंबरीत पेनेलपी आणि त्या बारा जणी अशा दोन्ही बाजू बोलतात, आणि दोन्हींचे जुळत नाही, ते याच कारणाने.

७. आपल्या ग्रंथांकडे

हा प्रश्न केवळ ग्रीकांचा नाही. १९३८ साली अनंत सदाशिव आळतेकर यांचा हिंदू संस्कृतीतील स्त्रियांच्या स्थानावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढील अनेक दशके पाठ्यपुस्तकांवर त्याचा ठसा राहिला. वैदिक काळात स्त्रियांची स्थिती उच्च होती आणि नंतर ती ढासळली, अशी त्याची मांडणी. ऱ्हासाचे एक प्रमुख कारण म्हणून आळतेकरांनी आर्य घरात आलेल्या अनार्य पत्नीकडे बोट दाखवले.

१९८९ साली कुमकुम संगारी आणि सुदेश वैद यांनी संपादित केलेल्या ‘रीकास्टिंग विमेन’ या संग्रहात उमा चक्रवर्ती यांचा लेख आला. त्याच्या शीर्षकातच प्रश्न आहे : वैदिक दासीचे काय झाले? त्यांचे म्हणणे असे की, एकोणिसाव्या शतकात युरोपीय प्राच्यविद्या आणि भारतीय राष्ट्रवाद यांनी मिळून गार्गी–मैत्रेयींची एक तेजस्वी प्रतिमा उभी केली. ती प्रतिमा उच्चवर्णीय आर्य स्त्रीची होती. जिंकून आणलेली, दान दिलेली, राबणारी दासी त्या चित्रातून गळून पडली.

हे गळून पडणे तुम्ही स्वतः तपासू शकता. बृहदारण्यक उपनिषद हे गार्गी आणि मैत्रेयी या दोघींचे उपनिषद म्हणून आपण शिकतो. त्याच्याच सहाव्या अध्यायात गौतम ऋषी राजा प्रवाहण जैवलीला सांगतात की, आपल्याकडे सोने, गाई, घोडे, दासी, वस्त्रे भरपूर आहेत. याच ग्रंथात याज्ञवल्क्याला प्रश्न विचारणारी स्त्री आहे आणि संपत्तीच्या यादीत गाई–घोड्यांनंतर येणारीही स्त्रीच आहे. शालेय पुस्तकात पहिली आली, दुसरी आली नाही.

महाभारताच्या आदिपर्वात अंबिका व्यासांकडे पुन्हा जायला नाखूश असते. ती आपले दागिने घालून आपल्या दासीला पाठवते. त्या दासीचा मुलगा विदुर. व्यास तिला दास्यातून मुक्त होशील असे सांगतात, पण तिचे नाव सांगितले जात नाही. सभापर्वात द्रौपदीला भर सभेत ओढून आणतात, तेव्हा सारा वाद तिच्या दासी होण्या-न होण्यावर चालतो. ती दासी नाही, म्हणून हा अन्याय आहे, असे तिच्या बाजूचे लोक म्हणतात. मग जी खरोखरच दासी होती, तिला कोणी असे ओढले असते तर? त्या सभेत हा प्रश्न कोणी विचारत नाही. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ (१९६७) या पुस्तकाने महाभारतातील व्यक्तींना माणूस म्हणून वाचायला मराठी वाचकाला शिकवले. त्यातही गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्यावर स्वतंत्र लेख आहेत; विदुराच्या आईवर नाही. कर्वे यांची थोरवी यामुळे कमी होत नाही. एक पिढी जेथे थांबते, तेथून पुढच्या पिढीने सुरुवात करायची असते.

आणि क्वचित दासी स्वतः बोलतेही. पाली ‘थेरीगाथे’त पुण्णिका नावाची थेरी आहे. परंपरेनुसार ती अनाथपिंडिकाच्या घरच्या दासीची मुलगी. थंडीतही रोज नदीत उतरून पाणी आणावे लागे, ते मालकिणींच्या माराच्या आणि बोलण्याच्या भीतीने, असे ती सांगते. स्नानाने पाप धुतले जाते असे मानणाऱ्या ब्राह्मणाला ती म्हणते की, मग बेडूक, कासवे आणि पाणसाप सगळे स्वर्गात जातील. लक्ष द्या, तिची भीती मालकिणींची आहे. स्त्रियांमधली ही उतरंड ‘ओडिसी’त आपल्याला अंदाजाने वाचावी लागली, येथे ती दासीच्याच तोंडून येते.

८. एक आक्षेप

या पद्धतीवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा : अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथाला आजची नीती लावणे अनैतिहासिक आहे. गुलामी तेव्हा सर्वमान्य होती. होमरला दोष देऊन काय मिळणार?

आक्षेपाचा पहिला भाग बरोबर आहे. होमरवर खटला चालवणे हा अभ्यास नव्हे. परंतु आपण पाहिलेले पुरावे आठवा. ‘बळजबरीने’ हा शब्द आजचा नाही. जात्यावरच्या स्त्रीचे मोडलेले गुडघे आजचे नाहीत. फासात अडकलेल्या पाखरांची उपमाही कवीचीच आहे. ग्रंथाला जे दिसत होते ते वाचकांना दिसले नाही, आणि शिवी तर विसाव्या शतकातील अनुवादकांची होती. मग अनैतिहासिक वाचन कोणाचे? जुन्या ग्रंथाला आपल्या काळाचे पूर्वग्रह चिकटवण्याचे काम स्त्रीवादी अभ्यासाच्या आधीपासून चालूच होते. आळतेकरांचा वैदिक सुवर्णकाळही विसाव्या शतकातच घडवला गेला.

९. समारोप

विद्यापीठात स्त्रियांची संख्या वाढणे, त्यांना पदव्या, पदे आणि अनुवादाची कामे मिळणे ही न्यायाची बाब आहे. तिला दुसऱ्या कोणत्या समर्थनाची गरज नाही. पण त्या न्यायाने ग्रंथाचे वाचन आपोआप बदलत नाही. राणीबद्दल विचारणारी स्त्री अभ्यासकही दासीला विसरू शकते. वाचन बदलते ते दोन दूरच्या ओळी शेजारी ठेवण्याच्या सवयीने, शब्दाला पर्यायी शब्द ताडून पाहण्याच्या चिकाटीने, आणि यादीत ‘इत्यादी’ म्हणून सोडून दिलेल्यांपाशी थांबण्याने. ही सवय तुम्ही मुलगा असा वा मुलगी, कोणत्याही भाषेतून शिकत असा, लावून घेऊ शकता.

पुढच्या वेळी एखादा अभिजात ग्रंथ अनुवादातून वाचाल, तेव्हा निंदेचा एक शब्द निवडा आणि तो मूळात आहे का, ते शिक्षकांना विचारा. बारा स्त्रियांना मरताना बोलायला मिळाले नाही. त्यांच्याबद्दल काय बोलले गेले, एवढे तरी नीट तपासणे आपल्या हातात आहे.

१०. स्वाध्याय

१. ‘ओडिसी’च्या बाविसाव्या सर्गातील ओळ ३७ आणि ओळ ४४५ यांतील शब्दांच्या फरकाचे महत्त्व स्पष्ट करा.

२. ‘स्त्री अनुवादक’ आणि ‘स्त्रीवादी अनुवाद’ या दोन संकल्पनांतील भेद उदाहरणे देऊन मांडा.

३. तुमच्या मातृभाषेत विकत घेतलेल्या स्त्रीसाठी कोणकोणते शब्द आहेत, त्यांची यादी करा. ‘ओडिसी’च्या अनुवादासाठी त्यांतला कोणता निवडाल, आणि का?

४. द्यूतसभेतील वाद दासीच्या दृष्टीने वाचल्यास कोणते नवे प्रश्न उभे राहतात? चर्चा करा.

५. मेलांथोविषयी कवीने दिलेली माहिती बारा दासींच्या ‘निर्दोषत्वा’च्या मांडणीला छेद देते का? तुमचे मत संहितेच्या आधारे लिहा.